चावी हातात देण्याआधी

पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत शिरा, दक्षिणेला गोकुळ शिरगावकडे वळा, नाहीतर कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीचा रस्ता धरा. शेडच्या दारात, ट्रकच्या मागे, एक बुटकी जाडजूड गाडी मागेपुढे करताना दिसणारच. तिला पुढे दोन लोखंडी काटे असतात आणि त्या काट्यांवर कास्टिंगने भरलेली जाळीची पेटी. हीच फोर्कलिफ्ट. आमच्या वाचकांपैकी कित्येक घरांतला कर्ता माणूस या गाडीवर बसतो, आणि त्याहून कितीतरी अधिक घरांतली माणसे, कोअर शॉपमध्ये काम करणाऱ्या भगिनीसुद्धा, दिवसभर तिच्या आजूबाजूला वावरतात. म्हणून या आठवड्याचे सदर आम्ही तिच्यासाठी राखले आहे.

एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. आम्ही या यंत्राच्या विरोधात नाही. ज्या कामासाठी आमच्या वडीलधाऱ्यांच्या माना आणि कंबरा मोडल्या, ते काम हे यंत्र करते. गुळाचे रवे, सिमेंटची पोती, बिडाचे तुकडे हे सगळे पूर्वी डोक्यावरून आणि पाठीवरूनच गेले. महाराष्ट्रात हमालांसाठी माथाडी कायदा झाला तो १९६९ साली. तिकडे अमेरिकेत क्लार्क नावाच्या कंपनीने आपल्याच कारखान्यातला माल हलवायला १९१७ साली एक मोटारगाडी तयार केली आणि त्या घराण्यातून पुढे फोर्कलिफ्ट आली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचा माल चढवता-उतरवताना ती जगभर पसरली. आज तीन टनांची एक गाडी जे दहा मिनिटांत उचलून ठेवते, त्याला हमालांची टोळी लागली असती. डोक्यावरचे ओझे गेले ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण ओझे उचलणाऱ्या यंत्रावर बसणारा माणूस शिकवून तयार केलेला हवा, आणि इथेच आपल्याकडे घोडे अडते.

आपल्याकडे फोर्कलिफ्टचा ऑपरेटर कसा तयार होतो? ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागलेला मुलगा सहा महिने पेट्या लावतो. नेहमीचा ऑपरेटर एक दिवस रजेवर जातो. ट्रक दारात उभा असतो, सुपरवायझरचा जीव खालीवर होत असतो. मग कोणीतरी म्हणते, “गावाकडं ट्रॅक्टर चालवतोस न्हवं? मग ह्याला काय लागतंय? घे चावी.” मुलगा चावी घेतो. संध्याकाळपर्यंत काही बिघडत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीही तोच बसतो. महिन्याभरात तो ‘ऑपरेटर’ होतो, पगार मात्र हेल्परचाच राहतो. कागदावर तर तो कधीच ऑपरेटर होत नाही. ज्या दिवशी गाडी उलटते किंवा कोणाचा पाय चाकाखाली सापडतो, त्या दिवशी मात्र विचारणा होते की तुला गाडीवर बसायला सांगितले कोणी? आणि या प्रश्नाचे उत्तर देणारा कागद त्याच्याकडे नसतो.

ट्रॅक्टर येतो म्हणजे फोर्कलिफ्ट येते, हा समज मुळातच चुकीचा आहे. ट्रॅक्टरची, रिक्षाची, ट्रकची पुढची चाके वळतात, फोर्कलिफ्टची मागची वळतात. त्यामुळे स्टिअरिंग फिरवले की गाडीचा मागचा भाग झाडूच्या फटकाऱ्यासारखा बाहेर फेकला जातो. चालवणाऱ्याचे डोळे पुढे काट्यांवर असतात आणि मार बसतो तो मागे बाजूला उभ्या असलेल्या माणसाला. त्या मागच्या भागात बिडाचे भले मोठे वजन असते, कामगार त्याला काउंटरवेट म्हणतात. तीन टन उचलणारी गाडी स्वतः चार टनांच्या पुढेच भरते. ती ताशी दहा किलोमीटरने, म्हणजे जोरात चालणाऱ्या माणसाहून थोडीशीच वेगात जात असली, तरी एका सेकंदात पावणेतीन मीटर पुढे सरकते. भरलेली असेल तर तिचा आणि मालाचा मिळून सात टनांचा भार ब्रेकने आवरायचा असतो.

तोलाची गोष्ट आमच्या माताभगिनींना लगेच कळेल. भरलेली घागर कडेवर असली तर माणूस मैलभर चालतो. तीच घागर हात लांब करून धरली तर दहा पावले चालवत नाही. घागरीचे वजन तेच असते, अंतर बदललेले असते. फोर्कलिफ्ट म्हणजे एक तराजू आहे. पुढची दोन चाके हा त्याचा काटा, एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला काउंटरवेट. गाडीवर ‘३००० किलो’ असे लिहिलेले असते, पण त्याच पाटीवर ‘५०० मिलिमीटर’ असेही लिहिलेले असते आणि ते कोणी वाचत नाही. त्याचा अर्थ असा की मालाच्या वजनाचा मध्य काट्याच्या उभ्या भागापासून ५० सेंटिमीटरवर असेल तरच तीन टन. पेटी लांब असेल आणि तो मध्य ८० सेंटिमीटरवर गेला तर काय होते? पुढच्या आसापासून काट्याचा उभा भाग साधारण ४८ सेंटिमीटरवर आहे असे धरून हिशोब केला, तर तीच गाडी जेमतेम २३०० किलो पेलते. हा हिशोब समजण्यापुरता आहे, प्रत्यक्ष आकडा त्या त्या गाडीच्या पाटीवरचाच धरायचा. माल उंच उचलला की तोही आणखी कमी होतो. आणि ही पाटी बहुधा इंग्रजीत असते, तेलकाजळीने माखलेली असते. ज्या गाडीची पाटी वाचता येत नाही त्या गाडीची ताकद कोणालाच माहीत नाही असे समजावे. एखादा जाणता मेंटेनन्सवाला तेच आकडे मराठीत रंगवून समोर लावील तर त्याचे पाच रुपये खर्च होतील.

पुढे तोल जातो तसा बाजूलाही जातो. गाडीला चाके चार दिसतात, पण मागचा आस मध्यावर एका खिळीवर डुलत असतो. म्हणून गाडी खरे तर तीन पायांच्या तिवईसारखी उभी असते, दोन पुढची चाके आणि मागची ती खिळी. गाडी आणि माल यांचा मिळून जो गुरुत्वमध्य होतो तो या त्रिकोणाच्या बाहेर गेला की गाडी कलंडते. रिकामी गाडी सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. पण वरच्या उंचीवर काटे ठेवून वेगात वळलेली रिकामी गाडीसुद्धा सहज आडवी होते. म्हणून काटे जमिनीपासून वीतभरच वर, मास्ट थोडा मागे झुकवलेला, आणि वळणाआधी वेग कमी. उतारावर माल भरलेला असेल तर माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे उतरताना गाडी रिव्हर्सने उतरवायची. माल इतका उंच असेल की पुढचे दिसत नाही, तर सपाटीवरही मागे पाहत रिव्हर्सने जायचे. मान दुखते हे खरे आहे, पण दुसरा मार्ग नाही.

आणि हे एक वाक्य घरातल्या प्रत्येक ऑपरेटरला वाचून दाखवावे. बसून चालवायची गाडी कलंडू लागली तर उडी मारू नये. माणसाची सहजबुद्धी सांगते की बाहेर पड. पण गाडी ज्या बाजूला पडत असते त्याच बाजूला माणूस पडतो आणि डोक्यावरचा जो लोखंडी पिंजरा त्याला वाचवायला बसवलेला असतो, तोच त्याच्या अंगावर येतो. पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि पडण्याच्या उलट दिशेला झुकावे. उभे राहून चालवायच्या यंत्रांची रीत वेगळी असते, ती त्या यंत्राबरोबरच शिकून घ्यावी. पट्टा बांधायला लाज वाटते, गावठी दिसते, असे आम्ही ऐकले आहे. याला काय म्हणावे?

आता तपासणी. ही शिफ्ट सुरू होण्याआधी, चावी फिरवण्याआधी करायची असते आणि सरावलेल्या माणसाला दहा मिनिटे पुरतात. गाडीभोवती एक फेरी मारायची. खाली तेल सांडलेले आहे का, टायर फाटले आहेत का, चाकाचे नट जाग्यावर आहेत का. मग काटे. काटा जिथे वाकतो त्या टाचेवर सगळा ताण येतो आणि जमिनीवर घासून झीजही तिथेच होते. मूळ जाडीच्या १० टक्के झीज झाली की तो काटा बाद. ४० मिलिमीटरचा काटा ३६ वर आला, म्हणजे डोळ्याला फरक जाणवणारही नाही, पण त्याची ताकद पाचव्या हिश्शाने उतरलेली असते. तडा गेलेला काटा वेल्डिंग करून पुन्हा वापरणारे बहाद्दर आहेत. ते करू नये. वाकलेला काटा तापवून सरळ करणे हाही त्यातलाच प्रकार.

नंतर मास्टच्या साखळ्या. आपल्या फौंड्रीत काळी वाळू हवेत उडत असते. ती साखळीच्या ग्रीसमध्ये बसते आणि कानशीसारखी आतून खात राहते. साखळी तुटते ते अचानक, पण लांबत जाते हळूहळू. मूळ लांबीपेक्षा ३ टक्के लांबली की ती बदलायची. ती मोजण्याचे काम मेंटेनन्सचे आहे, पण दोन साखळ्यांतली एक ढिली दिसते आहे हे सकाळी ऑपरेटरलाच दिसते. हायड्रॉलिकची नळी ओली दिसली तर गळती कुठे आहे हे बोटाने चाचपू नये. त्या दाबाने आलेली तेलाची बारीक चिळकांडी कातडीतून आत शिरते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावे. एवढे झाल्यावर सीटवर बसून हॉर्न, ब्रेक, हँडब्रेक, दिवे, मागे जातानाची घंटा आणि मास्ट वर-खाली, पुढे-मागे करून पाहायचा. बॅटरीची गाडी असेल तर चार्जिंगच्या जागी विडी-काडी नको, कारण चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो. डिझेलची असेल तर बंद शेडमध्ये तासन् तास चालू ठेवू नये.

आणि दोष सापडला तर? सगळी तपासणी या प्रश्नावर येऊन ठरते. पुष्कळ कारखान्यांत तपासणीचा छापील कागद असतो, त्यावर रोज सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा असतात आणि शनिवारी आठवड्याच्या खुणा एकदम केल्या जातात. ज्या वहीत वर्षभरात एकही दोष लिहिलेला नाही, ती वही खोटी असते. इतकी निरोगी गाडी जगात नाही. ब्रेक लागत नसेल तर ‘वापरू नये’ ची पाटी लावून चावी काढून सुपरवायझरकडे द्यायची, ही पद्धत कारखान्याने स्वतः घालून दिली पाहिजे. नाहीतर ती एकट्या कामगाराची हिंमत ठरते, आणि ठेक्यावरच्या मुलाला हिंमत महाग पडते.

गाडीच्या तपासणीइतकीच माणसाच्या चालवण्याची तपासणी महत्त्वाची आहे. अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या नियमानुसार ऑपरेटरला आधी शिकवायचे, मग परीक्षा घ्यायची आणि पुढे निदान दर तीन वर्षांनी पुन्हा त्याचे चालवणे पाहायचे असते. अपघात झाला किंवा थोडक्यात टळला तर मुदतीआधीच. यात अपमान वाटून घेण्याचे कारण नाही. वीस वर्षे चालवणाऱ्यालाही वीस वर्षांच्या सवयी जडलेल्या असतात.

चांगली परीक्षा कशी घेतात? पाट्या आणि ड्रम मांडून आठच्या आकड्यासारखी वाट करतात, ती पुढून आणि मागून चालवायला लावतात. पॅलेटमध्ये काटे सरळ, न घासता घालायला लावतात. वर रचलेला माल उतरवून पुन्हा रचायला लावतात. पण जाणता परीक्षक हातांकडे कमी आणि मानेकडे जास्त पाहतो. रिव्हर्स घेण्याआधी मान वळते की गाडी आधी हलते? दारातून शेडच्या अंधारात शिरताना क्षणभर थांबतो का? गाडी सोडून उतरताना काटे जमिनीला टेकवतो का, हँडब्रेक ओढून चावी खिशात घालतो का? आणि आमच्या मते सगळ्यात खरी परीक्षा अशी की परीक्षकाने पाटीवरच्या मर्यादेपेक्षा जड पेटी समोर ठेवावी आणि “उचल” म्हणावे. जो उचलतो तो नापास. जो उतरून वजन विचारतो आणि “ही या गाडीची नाही” असे सांगतो, तो पास.

आपल्या फौंड्रीतली परीक्षा गोदामातल्या परीक्षेहून कडक हवी. इथे जमिनीवर वाळू सांडलेली असते, रनर-रायझरचे तुकडे चाकाखाली येतात. काही ठिकाणी वितळलेल्या लोखंडाचे लॅडलही फोर्कलिफ्टवरून नेतात. तापलेला रस ओल्या जमिनीवर सांडला की खाली अडकलेल्या पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि रस उडतो. म्हणून त्या वाटेवर पाणी मारलेले नाही ना, हे पाहणे हा चालवण्याचाच भाग आहे. पॅलेटवर माणूस उभा करून ट्यूबलाइट बदलायला वर चढवणे तर कुठेच नको, कितीही ‘दोन मिनिटांचे काम’ असले तरी.

पायी फिरणाऱ्यांनीही एक सवय लावून घ्यावी. ऑपरेटरशी नजरानजर झाल्याशिवाय गाडीसमोरून जाऊ नये. त्याने आपल्याला पाहिले असेल, हा अंदाज कामाचा नाही. उचललेल्या मालाखालून तर कधीच जाऊ नये.

थोडे कायद्याविषयी. १९४८ च्या कारखाने कायद्यात उचलणारी यंत्रे, साखळ्या, दोर यांची बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करण्याचे कलम २९ होते. त्या कलमात क्रेन, विंच, पुली ब्लॉक अशी नावे आहेत, फोर्कलिफ्टचे नाव नाही. तरी चांगले कारखाने तिचीही तपासणी त्याच रीतीने करून घेत आले. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ ची, तिच्यानंतर १९८७ च्या दुरुस्तीने कामगाराला सुरक्षेची माहिती मागण्याचा आणि प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क त्या कायद्यात आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिने घेतली आहे. तिच्यात माहिती मागण्याचा हक्क कायम आहे. जिवावर बेतेल असा धोका वाटला तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्कही आहे, आणि प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. मात्र विजेवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, आता वीस लागतात. उद्यमनगरातल्या लहान शॉपमध्ये काम करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

गाडी कारखान्याच्या आवारातच फिरत असेल तर तिला मोटारगाडीसारखी नोंदणी लागत नाही, म्हणूनच लायसन्सविना कोणालाही बसवण्याची मुभा आहे असे काहींनी धरून ठेवले आहे. पण एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये माल नेताना तीच गाडी सार्वजनिक रस्त्यावर आली की मोटार वाहनाचे नियम तिला लागू होतात. वसाहतीतले रस्ते आपल्याच अंगणातले आहेत अशा थाटात ज्या गाड्या फिरतात, त्यांच्या ऑपरेटरांनी नोंदणीचे आणि लायसन्सचे कागद एकदा विचारून घ्यावेत. अपघात रस्त्यावर झाला तर पोलीस आधी त्यालाच विचारतील.

थकव्याचाही उल्लेख केला पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आज ओव्हरटाइमसाठी लागोपाठ दोन शिफ्ट करून पहाटे चार वाजता फोर्कलिफ्टवर बसलेला माणूस आम्हाला दिसतो तेव्हा त्याच्या बायकोला सांगावेसे वाटते की वहिनी, त्या जादा पैशांचा हिशोब त्याच्या झोपेसकट मांडा. चाळिशी ओलांडली असेल तर डोळे तपासून घ्यायला लावा. लांबचे दिसते पण काट्याचे टोक धूसर दिसते, हे तो सुपरवायझरला सांगणार नाही, तुम्हाला सांगेल.

आणि घरच्या पेटीत काही कागद असू द्या. नियुक्तीपत्राची प्रत, त्यात कामाचे नाव ‘हेल्पर’ लिहिले आहे की ‘ऑपरेटर’ ते वाचून. प्रशिक्षण झाले असेल तर त्याचा दाखला, कोणत्या प्रकारच्या आणि किती टनांच्या गाडीसाठी ते लिहिलेला. ई.एस.आय.चा विमा क्रमांक, त्यात पत्नीचे व मुलांचे नाव आधार कार्डाप्रमाणेच लिहिले आहे ना ते पाहून. कामावर इजा झाली तर तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या ९० टक्के भरपाई तिथून मिळते, पण नाव चुकले असेल तर खिडकीवर हेलपाटे पडतात. दाखला नसेल तर पुढच्या पगाराच्या दिवशी तो लेखी अर्ज देऊन मागावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचल्याची सही व तारीख घ्यावी.